नट किती आवळावा?

शेतीच्या कामात लोखंडाचा शिरकाव झाला, त्याच दिवशी नट-बोल्ट शेतकऱ्याच्या दारी आला. लाकडी नांगराचे सांधे पाचर ठोकून व दोर आवळून पक्के करीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावी लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. तेव्हापासून झिजलेला भाग काढून नवा बसविण्याची सोय हळूहळू सर्वत्र झाली. त्या सोयीबरोबर पानाही घरात आला. आज कळस व भोवतालच्या गावांत ज्याच्या घरी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, उसाची ट्रॉली किंवा विहिरीवरचा पंप नाही, असा बागायतदार विरळा. या प्रत्येक यंत्रात नट-बोल्टांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. तथापि नट किती आवळावा, हा प्रश्न कोणास विचारला तर उत्तर एकच मिळते, 'बसेल तेवढा'.

हे उत्तर पुरेसे नाही, असे आम्हांस या लेखात दाखवावयाचे आहे. गाळप हंगामात भरलेल्या ट्रॉलीचे चाक निखळले, तर त्यात माणसाचा जीव जातो. स्टार्टरमधील एक स्क्रू सैल राहिला, तर हजारो रुपयांची मोटर जळते. दोन्ही अनर्थांचे मूळ पुष्कळदा सारखेच असते. नट आवळलेला असतो, परंतु मोजून आवळलेला नसतो.

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे

बोल्ट हा खुंटीसारखा दोन पट्ट्यांना भोकात अडवून धरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याचे काम निराळे आहे. नट फिरविला म्हणजे मळसूत्राच्या योगाने बोल्ट लांबीत ताणला जातो. ताणलेला बोल्ट पुन्हा आखूड होऊ पाहतो व त्या ओढीने दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जातात. हा दाब व त्यातून उत्पन्न होणारे घर्षण, हीच सांध्याची खरी ताकद होय. गाडीवर कडबा भरून वरून दोर आवळतात, तेव्हा दोर ताणलेला असेल तोवर भार हलत नाही. तोच दोर ढिला झाला, की गाडी प्रत्येक खड्ड्यात डुलू लागते व अखेर दोरही काचून तुटतो. बोल्टाचेही तसेच आहे.

येथे आकडेच देतो. बारा मिलिमीटर व्यासाचा, ८.८ प्रतीचा चांगला बोल्ट योग्य रीतीने आवळला असता सुमारे ३,७०० किलोग्रॅमच्या ओढीने सांधा दाबून धरतो. एवढी ओढ उत्पन्न होण्यास तो लांबतो तरी किती? सांध्याची जाडी साठ मिलिमीटर धरली, तर सुमारे ०.१३ मिलिमीटर, म्हणजे एका जाडसर कागदाइतका. सांध्याची सारी पकड या कागदाएवढ्या लांबीवर उभी आहे. आता नटाखाली रंगाचा थर, वाळलेला चिखल किंवा गंजाचा पापुद्रा राहिला व काम करता करता तो ०.०५ मिलिमीटर दबला, तर पकडीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नाहीसा होतो. नट जागचा किंचितही फिरला नाही, तरी सांधा सैल झालेला असतो. 'काल तर आवळला होता' ही तक्रार कित्येकदा खरी असते ती याच कारणाने.

सैल बोल्ट लवकर तुटतो, यातही नवल नाही. पुरेसा ताणलेला बोल्ट बाहेरून येणाऱ्या हिसक्यांपैकी थोडाच भाग स्वतःवर घेतो, बाकीचा भाग दाबलेल्या पट्ट्या सोसतात. सैल बोल्टावर मात्र प्रत्येक हिसका पुरा येतो. तार पुनःपुन्हा वाकविली म्हणजे तुटते, तसा तो थकून तुटतो. म्हणून तुटलेला बोल्ट पाहून 'माल हलका निघाला' असे म्हणण्यापूर्वी तो पुरेसा आवळला होता काय, हे विचारणे बरे.

हाताचा जोर जातो कोठे?

पान्याच्या टोकास आपण जी ओढ देतो, तिला पान्याच्या लांबीने गुणले म्हणजे नटावर पडणारा पीळ निघतो. मेस्त्री त्यास टॉर्क म्हणतात. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास तीस किलोग्रॅमची ओढ दिली, तर सुमारे नऊ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ८८ न्यूटन-मीटर पीळ पडतो. वर सांगितलेल्या बारा मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टास नेमका एवढाच पीळ लागतो. तोच पाना नळी घालून तीन फूट केला व ओढ तीच ठेवली, तर पीळ तिप्पट होईल व बोल्टाचा निकाल लागेल. उलट, सहा मिलिमीटरच्या बारीक बोल्टास एक फुटी पाना लावणे म्हणजे तो तोडण्याची तयारी करणेच होय. अति तेथे माती ही म्हण नट-बोल्टासही लागू आहे.

परंतु दिलेला पीळ सगळा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो, असे मात्र नाही. शंभर भागांपैकी सुमारे पन्नास भाग नटाच्या किंवा डोक्याच्या खालच्या घर्षणात खर्च होतात व सुमारे चाळीस भाग आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष ताण देण्यास जेमतेम दहा भाग उरतात. म्हणून घर्षणात थोडा फरक पडला, की ताणात मोठा फरक पडतो. गंजलेल्या आट्यांवर पाना कडक लागतो, हातास घट्ट झाल्यासारखे वाटते, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. याउलट आट्यांस व नटाखाली तेल-ग्रीस भरपूर लावून तेवढाच पीळ दिला, तर ताण सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. वरील उदाहरणातील बोल्ट त्यामुळे ३,७०० वरून सुमारे ५,००० किलोग्रॅमपर्यंत, म्हणजे त्याने निर्धोकपणे सोसण्याच्या अखेरच्या मर्यादेपर्यंत जाऊन पोहोचतो. यास्तव यंत्राच्या पुस्तकात दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहिल्यावाचून तो आकडा वापरू नये.

नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळले असता ताणात शेकडा ३५ पर्यंत कमी-अधिक फरक पडतो, असे यंत्रशास्त्रात धरतात. टॉर्क पान्याने आवळल्यास हा फरक शेकडा २५ च्या घरात येतो. म्हणजे टॉर्क पानाही सर्वस्वी अचूक नव्हे, कारण तो पीळ मोजतो, ताण मोजीत नाही. परंतु त्याचा मोठा गुण असा की, सकाळी ताज्या दमाने आवळलेला नट व सायंकाळी थकल्या हाताने आवळलेला नट यांत तो भेद पडू देत नाही.

डोक्यावरील आकडे

चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ते मालाची प्रत सांगतात. पहिल्या आकड्यास शंभराने गुणले म्हणजे दर चौरस मिलिमीटरास किती न्यूटन ओढीने तो तुटेल, हे कळते. टिंबापुढील आकडा तुटण्याच्या ओढीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा लांबेल, हे दाखवितो. या हिशेबाने ८.८ प्रतीचा बोल्ट ८०० वर तुटतो व ६४० वर कायमचा लांबतो. ४.६ प्रतीचा ४०० वर तुटतो व २४० वरच लांबतो.

हा फरक लहान नाही. ८.८ प्रतीच्या बोल्टाच्या जागी त्याच मापाचा ४.६ प्रतीचा बोल्ट घातला व पूर्वीएवढाच पीळ दिला, तर तो पान्याखालीच तुटण्याच्या बेतास येतो. त्याच्या मानाने कमी आवळला, तर सांध्यास पुरेशी पकड मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. एकदा कायमचा लांबलेला बोल्ट पुन्हा वापरणे हेही तितकेच वाईट. नट हाताने आट्यांवरून फिरता फिरता मध्येच अडू लागला, किंवा आट्यांची रांग एके ठिकाणी विरळ दिसली, तर तो बोल्ट भंगारात टाकावा.

नजरेच्या मापाचा घात

बोल्ट हरवला म्हणजे उरलेल्यांपैकी एक हाती घेऊन दुकानी जावयाचे व 'भाऊ, याच मापाचा एक द्या' म्हणावयाचे, हा आपला परिपाठ. दुकानदार दोन्ही शेजारी धरून पाहतो व एक काढून देतो. नजरेच्या या मापाने काय होऊ शकते, याचा एक दाखला विमानाच्या इतिहासात आहे. १० जून १९९० रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सतरा हजार फुटांवर उडून गेली व हवेच्या झोताने मुख्य वैमानिकाचे अर्धे शरीर बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टन येथे उतरविले व सुदैवाने त्याचे प्राण वाचले. चौकशीत असे आढळले की, ती काच थोड्याच वेळापूर्वी नवी बसविली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते व उरलेले सहा किंचित आखूड होते. बदली बोल्ट जुन्या बोल्टाशी नजरेने ताडून निवडले होते.

आपल्याकडे या घोटाळ्यास आणखी एक कारण आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत व एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. व्हिटवर्थचे आटे इंची मापाचे व ५५ अंशांच्या कोनाचे. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. या मापाचे आटे ६० अंशांचे आहेत. जुन्या इंजिनांवर, पंपांवर व नळांवर इंची आटे अद्याप भेटतात. अर्ध्या इंची बोल्टाचा व्यास १२.७ मिलिमीटर व व्हिटवर्थ प्रमाणाने त्यावर इंचास बारा आटे असतात. बारा मिलिमीटरच्या बोल्टाचा प्रत्येक आटा १.७५ मिलिमीटरांचा. हा बोल्ट त्या अर्ध्या इंची नटात शिरतो, दोनचार फेरे फिरतो व बसल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो आट्यांच्या टोकांवरच धरलेला असतो. नट नेहमी हाताने शेवटपर्यंत मोकळा फिरला पाहिजे, आणि मगच पाना लावावा. एवढा एक नियम पाळला तरी असे घोटाळे बहुतेक टळतात.

नट आपोआप का सुटतो?

पुष्कळांची अशी समजूत आहे की, यंत्र हादरते म्हणून नट हळूहळू उलटा फिरतो. हे अर्धेच खरे. जर्मनीतील गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने असे दाखविले की, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या हादऱ्यांपेक्षा, सांध्याच्या पट्ट्या आडव्या सरकू लागल्या म्हणजे नट फार लवकर सुटतो. पट्ट्या सरकल्या की आट्यांतील घर्षण क्षणभर सुटते व ताणलेला बोल्ट स्वतःच नटास उलटा फिरवितो. पट्ट्या सरकूच नयेत एवढा ताण असणे, हाच नट न सुटण्याचा पहिला व उत्तम उपाय होय.

आपण ज्यावर फार विसंबतो, त्या चिरलेल्या स्प्रिंग वायसरचा यात फारसा उपयोग नाही. बोल्ट पुरता आवळला की तो वायसर चपटा होतो व साध्या वायसरसारखाच वागतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या बोल्टविषयक पुस्तिकेतही नट अडविण्याच्या कामी तो निरुपयोगी असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्यापेक्षा आत नायलॉनचे कडे असलेला नट, खाचांचा नट व त्यातून घातलेली फुटपिन, किंवा आट्यांस लावावयाचा घट्ट धरणारा द्रव, हे उपाय अधिक भरवशाचे. नायलॉनचा नट वारंवार काढघाल केल्यास त्याची पकड जाते, हे मात्र ध्यानात असावे.

सुटलेल्या नटाची किंमत किती, हे १० मे २००२ रोजी इंग्लंडातील पॉटर्स बार स्थानकाजवळ दिसून आले. तेथे रुळांच्या सांध्यावरील काही नट जागेवर नव्हते. धावत्या गाडीखाली रूळ सरकला, डबा घसरला व सात माणसे मृत्यू पावली.

कारखान्यात कसे आवळतात?

आमच्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखरेच्या कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावी पुढे साखरेची यंत्रे तयार होऊ लागली व इस्रोच्या पीएसएलव्हीसारख्या अग्निबाणांची पोलादी कवचेही घडविली गेली. वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली मोटारगाड्यांसाठी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जिओ कंपनीचा तीनचाकी गाड्यांचा कारखाना आहे. आपल्या गावोगावची कित्येक मुले अशा कारखान्यांत कामास जातात, त्यांस पुढील गोष्टी परिचयाच्या असतील.

वाहने जुळविणाऱ्या मोठ्या कारखान्यांत महत्त्वाचे नट हाताच्या अंदाजावर सोडीत नाहीत. साध्या जागी हवेवर किंवा विजेवर चालणारे, ठरलेला पीळ येताच आपोआप सुटणारे हत्यार वापरतात. जेथे नट सुटल्यास जीवास धोका, उदाहरणार्थ ब्रेक, स्टिअरिंग व चाके, तेथे विजेचे असे हत्यार असते की, ते पीळ व नट किती अंश फिरला हे दोन्ही मोजते. पीळ पुरा झाला, पण नट फारच थोडा फिरला, तर आटे अडले आहेत असे समजावे. नट खूप फिरला, पण पीळ येईना, तर बोल्ट लांबत आहे किंवा आटे गेले आहेत. दोन्ही आकडे ठरलेल्या मर्यादेत आले तरच हिरवा दिवा लागतो व गाडीच्या क्रमांकापुढे त्या नटाची नोंद होते.

आणखी नेमकेपणा हवा असल्यास आधी थोड्या पिळाने सांधा टेकवून घेतात व नंतर नट ठरावीक अंश फिरवितात. मळसूत्राचा फेरा ठरलेला असल्यामुळे, अंश मोजले की लांबण्याचे माप घर्षणावर फारसे अवलंबून राहत नाही, व चूक शेकडा १५ पर्यंत उतरते. कित्येक नव्या इंजिनांच्या हेडचे बोल्ट असेच आवळतात व ते पुन्हा वापरू नयेत असे पुस्तकात लिहिलेले असते. अवजड यंत्रांच्या मोठ्या बोल्टांस तेलाच्या दाबाने सरळ ताणून धरतात, नट नुसता हाताने खाली टेकवितात व मग दाब सोडून देतात. यात पिळाचा व घर्षणाचा प्रश्नच मिटतो.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली आहे. बांधाचा तंटा नजरेने मिटत नाही, मोजणी होऊन नोंद झाली म्हणजेच मिटतो, हे तेथे रोज दिसे. कारखान्याने नटास हाच न्याय लावला आहे, आणि तो आपल्या शेडमध्ये लावणे अशक्य नाही.

आपण काय करावे?

(१) चाकाचे नट : बसण्याची जागा घासून स्वच्छ करावी. पुस्तकात सांगितले नसल्यास तेथे तेल किंवा ग्रीस लावू नये. एका नटानंतर शेजारचा न घेता समोरचा घ्यावा व दोनतीन खेपांत पुरता पीळ द्यावा. अखेरचा पीळ चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा. नवे चाक बसविल्यानंतर काही तास काम झाले की पुन्हा तपासावे. भोके लांबट झालेली चकती वापरू नये.

(२) रोटाव्हेटरची पाती : बोल्ट मूळ प्रतीचेच घ्यावेत, नट दर वेळी तपासावेत. एक पाते सैल झाले की त्याचे हिसके शेजारच्या बोल्टांवर व गिअरपेटीवर येतात. तपासताना ट्रॅक्टर बंद व किल्ली खिशात असावी.

(३) पंपाच्या फ्लॅंजा व इंजिनाचे हेड : फ्लॅंजचे नट समोरासमोर, हेडचे मधून बाहेरच्या बाजूस, थोडे थोडे करून आवळावेत. एकीकडून एकदम आवळल्यास पॅकिंग एका बाजूस चिरडते व दुसऱ्या बाजूने गळते.

(४) विजेचे स्क्रू : सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि अखेर एक फेज तुटून मोटर जळते. ॲल्युमिनियमची तार दाबाखाली हळूहळू पसरते, म्हणून तिचे जोड हंगामातून एकदा तरी तपासावेत. मुख्य स्विच बंद करून, वीज नाही याची खात्री करून घेतल्यावाचून हात लावू नये.

(५) खूण : पुरता आवळलेल्या नटावरून पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. या उपायास खर्च नाही आणि ट्रॉली रस्त्यास लावण्यापूर्वी लहान मुलासही तपासता येते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक शेतकऱ्याने टॉर्क पाना विकत घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपल्या सोसायटीने अवजारांबरोबर सुमारे ४० ते २०० न्यूटन-मीटरचा एक पाना ठेवावा, व ट्रॅक्टरच्या चाकांसाठी त्याहून मोठा एक. हे पाने नट सोडविण्यास वापरू नयेत, काम झाल्यावर त्यांची खूण सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, व वर्षातून एकदा ते तपासून घ्यावेत. सोबत एक वही असावी. तीत यंत्र, नट, पीळ, तारीख व आवळणाराचे नाव एवढे पाच रकाने पुरेत. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील प्रत्येक ट्रॉलीची चाके या पान्याखालून गेली व वहीत चढली, तर त्या रस्त्याने शाळेस जाणारी आपली मुले तेवढीच निर्धास्त होतील. सोसायटीच्या पुढील सभेत सभासदांनी हा विषय अवश्य काढावा, अशी आमची विनंती आहे.